आपल्या शेअरची खरेदी किंमत कशी काढावी?



कारखान्याच्या शेअरचा दाखला बहुतेकांच्या घरी पेटीत, सातबाऱ्याच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली पडलेला असतो. निवडणूक आली की तो आठवतो, सवलतीच्या साखरेच्या वेळी आठवतो, आणि घरात कोणी वारले की त्याची शोधाशोध सुरू होते. त्या शेअरपोटी आजवर आपल्या पदरचे नेमके किती रुपये गेले, असे विचारले तर दहापैकी आठ सभासद दाखल्यावरची दर्शनी किंमत सांगतात. ती कधी बरोबर निघते, कधी नाही.

धारणी तालुक्याकडच्या सभासदांनी गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे जे प्रश्न पाठवले, ते सारे याच गोष्टीभोवती फिरतात. एकाने विचारले, "आमच्या बिलातून दरसाल कापले ते पैसे गेले कुठी?" दुसऱ्याने विचारले, "बापाच्या नावाचा शेअर माह्या नावावर झाला, मी तर रुपया देल्ला नाही. मंग त्याची किंमत काय धरू?" तिसऱ्याचा मुलगा नोकरीला आहे, त्याला आयकराचा फॉर्म भरावा लागतो. त्याचा प्रश्न असा की कारखान्याचा लाभांश हा शेतीचाच पैसा, तर तो फॉर्मात दाखवायचा कशाला?

या सगळ्या प्रश्नांना एकच हिशेब उत्तर देतो. तो हिशेब मांडायला वहीचे एक पान पुरते. तो कसा मांडावा, हे या पाठात आम्ही पायरीपायरीने सांगत आहोत.

खरेदी किंमत म्हणजे काय?

आपण बैल पंचवीस हजाराला घेतला आणि तीस हजाराला विकला, तर नफा पाच हजार. येथे पंचवीस हजार ही खरेदी किंमत. आयकराचा कायदाही शेअरच्या बाबतीत हाच साधा विचार करतो. मालमत्ता विकून जे आले त्यातून ती मिळवण्यासाठी जे गेले ते वजा करायचे. उरले तर नफा, कमी पडले तर तोटा. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ४८ मध्ये आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण हे तत्त्व तेच आहे.

बैलाची किंमत एका व्यवहारात ठरते. शेअरची किंमत मात्र वीस-तीस वर्षांत तुकड्यातुकड्याने भरली जाते. थोडी रोख, थोडी ऊसबिलातून कपात, थोडी ठेवीतून वर्ग. म्हणून ती आठवणीवर न ठेवता लिहून ठेवली पाहिजे.

अमेरिकेतली रीत आणि आपली रीत

आपल्याकडची बरीच मुले आता अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कोणी तिकडे चार भागीदारांची छोटी कंपनी काढली असेल, तर 'एस कार्पोरेशन' हा शब्द घरी फोनवर ऐकू आला असेल. हा प्रकार तेथील कायद्यात १९५८ साली आला. त्याची गंमत समजून घेतली म्हणजे आपल्या शेअरचे गणित लवकर उमगते.

तेथे अशा कंपनीचा नफा कंपनीच्या नावावर न राहता सरळ भागधारकांच्या हिशेबात जातो. प्रत्येकाने आपापल्या वाट्यावर कर भरायचा, मग पैसा हातात आलेला असो की कंपनीतच राहिलेला असो. म्हणून भागधारकाची खरेदी किंमत दरसाल बदलते. समजा एकाने १०,००० डॉलर घातले. पहिल्या वर्षी नफ्यातला वाटा ४,००० आला, किंमत झाली १४,०००. त्यातले ३,००० घरी नेले, उरली ११,०००. दुसऱ्या वर्षी कंपनी बुडाली आणि त्याच्या वाट्याला १५,००० तोटा आला. पण किंमत शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणून ११,००० चाच तोटा त्याला त्या वर्षी धरता येतो, आणि उरलेले ४,००० पुढे त्याची किंमत वाढेपर्यंत थांबतात. ज्या नफ्यावर एकदा कर भरला तो किंमतीत मिळवला नाही, तर शेअर विकताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर बसेल. तसे होऊ नये म्हणून ही वाढ-घट.

तिथल्या कायद्याप्रमाणे अशा कंपनीत शंभरापेक्षा जास्त भागधारक चालत नाहीत आणि अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी माणूस भागधारक होऊ शकत नाही. म्हणजे मुलगा तिकडे कंपनी काढील, पण धारणीत राहणाऱ्या बापाच्या नावे त्यातला भाग ठेवता येणार नाही.

आपल्याकडे रीत वेगळी आहे. आपला कारखाना सहकारी संस्था म्हणून स्वतंत्र करदाता आहे. त्याच्या नफ्यावर कर लागला तर तो कारखाना भरतो. तो नफा आपल्या फॉर्मात येत नाही आणि म्हणून आपल्या शेअरच्या किंमतीतही मिळत नाही. कारखान्याला या वर्षी कोटीचा नफा झाला म्हणून आपल्या शेअरची खरेदी किंमत एक रुपयाने वाढत नाही, आणि तोटा झाला म्हणून एक रुपयाने घटत नाही. आपल्या खिशातून गेलेला पैसाच किंमत वाढवतो. शेअरपोटी परत मिळालेला पैसाच ती घटवतो.

लाभांश शेतीचा की बिगरशेतीचा?

या प्रश्नावर आपल्या मुंबईचा एक नामांकित निकाल आहे. श्रीमती बाचा गझदर या मुंबईच्या भागधारक होत्या. त्यांचे शेअर चहाच्या कंपन्यांत होते. चहाच्या कंपनीचे साठ टक्के उत्पन्न शेतीचे आणि चाळीस टक्के कारखानदारीचे धरले जाते. बाईंचे म्हणणे असे की मग माझ्या लाभांशातले साठ टक्केही शेतीचेच समजा आणि त्यावर कर लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हे मान्य केले नाही. न्यायालय म्हणाले की कंपनी वेगळी आणि भागधारक वेगळा. शेती कंपनी करते. भागधारकाला पैसा मिळतो तो शेअर धारण केल्याबद्दल, जमीन कसल्याबद्दल नव्हे.

हाच न्याय आपल्याला लागू पडतो. तेव्हा कारखान्याकडून येणाऱ्या पैशाचे दोन ढीग करावेत.

पहिला ढीग उसाच्या किमतीचा. आपण आपल्या शेतात पिकवलेला ऊस घातला, त्याचे बिल मिळाले; हे शेतीचे उत्पन्न. त्यावर केंद्राचा आयकर नाही. मात्र घरात पगार, दुकान असे दुसरे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर दुसऱ्या उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात. नोकरदार मुलांनी ऊसबिलाचा आकडा म्हणूनच लपवू नये.

दुसरा ढीग लाभांशाचा. तो 'इतर मार्गांचे उत्पन्न' म्हणून फॉर्मात दाखवावा लागतो. कारखाना लाभांश देताना त्यातून कर कापून ठेवत नाही. त्यामुळे कापला नाही म्हणजे लागत नाही, असा गैरसमज होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ प्रमाणे निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय लाभांश १५ टक्क्यांवर देता येत नाही. त्यामुळे ही रक्कम मोठी नसते. पण छोटी असली तरी ती दाखवावी, म्हणजे मागाहून नोटीस येऊन धावपळ होत नाही.

धारणीकडून आणखी एक शंका आली होती. अनुसूचित जमातीच्या सभासदाला आयकर माफ आहे काय? १९६१ च्या कायद्यातील कलम १०(२६) ची सवलत ईशान्येकडील ठराविक राज्ये, तिकडचे काही डोंगरी जिल्हे आणि लडाख येथे राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना आहे. मेळघाट त्यात येत नाही. आमच्या कोरकू सभासदाला ऊसबिलावर कर नाही तो शेतीचे उत्पन्न म्हणून. लाभांशाला आणि पगाराला मात्र सर्वांचाच नियम आहे.

उसाचा भाव की नफ्याची वाटणी?

आपला कारखाना नफा शक्यतो लाभांशातून न देता उसाच्या भावातून देतो. सहकारी साखर कारखानदारीची हीच चाल आहे, आणि तिच्यावरूनच आयकर खात्याशी मोठे भांडण झाले. त्याची माहिती सभासदाला असली पाहिजे, कारण त्या भांडणात पैसा शेवटी आपलाच अडकला होता.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार किमान भाव ठरवीत असे. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून त्यात ५अ हे कलम आले. हंगाम संपल्यावर जादा मिळकतीतला वाटा ऊस उत्पादकाला जादा भाव म्हणून द्यावा, अशी ती तरतूद होती. कारखाने किमान भावाच्या वर जो भाव देत, तो आयकर खाते खर्च मानायला तयार नव्हते. हा भाव नसून सभासदांना वाटलेला नफा आहे, असे म्हणून कारखान्यांवर मागण्या निघाल्या. २००९ साली किमान भावाच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला आणि ५अ कलम गेले; पण जुन्या वर्षांच्या मागण्या राहिल्याच.

तासगाव तालुका साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निकाल दिला. जादा रक्कम सगळीच नफा नव्हे आणि सगळीच खर्चही नव्हे, तिच्यात नफ्याचा भाग किती हे हिशेब तपासून ठरवा, असे सांगून प्रकरणे खाली पाठवली. दरम्यान २०१५ च्या अर्थसंकल्पातून कायद्यात दुरुस्ती होऊन, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची उसाची किंमत सहकारी कारखान्याला खर्च म्हणून धरता येऊ लागली. ती २०१६-१७ या आकारणी वर्षापासून लागू झाली. राज्य सरकारने मान्य केलेला, एफआरपीवरचा दरही त्यात येतो, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. आणि त्याआधीच्या वर्षांचाही तोच न्याय करण्याची वाट २०२३ च्या अर्थसंकल्पाने मोकळी केली. ही सवलत सुमारे १०,००० कोटी रुपयांची असल्याचे अर्थमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले.

यातून आपल्यापुरता धडा असा घ्यावा. उसाच्या टनावर, घातलेल्या वजनाप्रमाणे मिळालेला पैसा हा भावाचा पैसा, आणि शेअरच्या संख्येवर मिळालेला पैसा हा लाभांश. दोन्हींपैकी कोणताच शेअरच्या खरेदी किंमतीत मिळवायचा नाही आणि त्यातून वजाही करायचा नाही. दोघांचा रस्ता वेगळा आहे.

कपातीचे काय?

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. ऊसबिलातून कारखाना निरनिराळ्या नावांनी कपात करतो. सोसायटीचे कर्ज, तोडणी-वाहतूक यांच्या बाबी निराळ्या. आपल्याला येथे तीनच कपाती पाहायच्या आहेत.

शेअरपोटी कपात ही थेट खरेदी किंमतीत मिळते. हातात पैसा आला नाही म्हणून आपण तो दिलाच नाही, असे समजू नये. बिल पूर्ण रकमेचे झाले, ते पूर्ण उत्पन्न आपले झाले, आणि त्यातून काही रक्कम आपण शेअरमध्ये घातली.

परतीची ठेव म्हणजे कारखान्याने आपल्याकडून घेतलेली उसनवारी. ती मुदतीनंतर परत मिळते. तिचा शेअरशी संबंध नाही. तिच्यावर व्याज मिळाले तर ते व्याज मात्र लाभांशाप्रमाणेच फॉर्मात दाखवायचे उत्पन्न आहे.

बिगरपरतीची ठेव या नावाने पुष्कळजण फसतात. 'बिगरपरतीची' म्हणजे ती गेली, असे नव्हे. अनेक कारखान्यांच्या पोटनियमांत ती पुढे शेअरमध्ये वर्ग करण्याची तरतूद असते. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या प्रकरणात २००४ साली हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे होता, आणि अशी ठेव ही कारखान्याची धंद्यातली मिळकत नव्हे, असे ठरले. कारण नाव काहीही असले तरी तिच्यावर सभासदाचा हक्क उरलेला असतो. तेव्हा ही ठेव वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावी. शेअरमध्ये वर्ग झाली की त्या दिवशी ती ठेवीच्या रकान्यातून कमी करून खरेदी किंमतीत मिळवावी. वर्ग होण्याआधी मिळवू नये.

वारसाने आलेला शेअर

बापाकडून मुलाला, नवऱ्याकडून बायकोला वारसाने, मृत्युपत्राने, बक्षिसाने किंवा हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीत शेअर आला, तर नवीन धन्याने काही दिले नाही म्हणून किंमत शून्य होत नाही. आधीच्या धन्याला जो खर्च आला तीच नव्या धन्याची खरेदी किंमत. त्याने शेअर जितकी वर्षे बाळगला ती वर्षेही आपल्या खात्यात धरली जातात. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या शेअरला त्या दिवशीची बाजारकिंमत घेण्याची मुभा कायद्यात आहे. पण आपल्या शेअरच्या परताव्याला भरलेल्या रकमेचीच मर्यादा असल्यामुळे त्याचा फायदा सहसा होत नाही.

येथे एक सूचना. वारसनोंद म्हणजे नॉमिनेशन असले की कारखान्याला शेअर कोणाच्या नावे करावा हे कळते. घरातल्या इतर वारसांचा हक्क मात्र वारसा कायद्याने ठरतो. भावाभावांत त्यावरून तंटा होऊ नये म्हणून नॉमिनेशन वेळीच करावे आणि घरात सांगून ठेवावे.

आता प्रत्यक्ष उदाहरण

समजा धारणी तालुक्यातील एक सभासद आहेत, त्यांना आपण थोरले भाऊ म्हणू. खालील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपापले आकडे आपापल्या पावत्यांवरून घ्यावेत.

१. १९९२ साली वडिलांनी एक शेअर घेतला, भरले २,००० रुपये. वडील २००९ साली वारले. २०१० साली शेअर थोरल्या भाऊंच्या नावे झाला. त्यांची सुरुवातीची किंमत २,००० रुपये.

२. २०११ साली शेअरची दर्शनी किंमत ५,००० झाली. फरकाचे ३,००० रुपये बिलातून कापले. मिळवले, एकूण ५,००० रुपये.

३. २०१३ साली दुसरा शेअर घेतला. रोख २,००० आणि दोन हंगामांत १,५०० प्रमाणे कपात ३,०००. मिळवले, एकूण १०,००० रुपये.

४. पुढील चार हंगामांत दरवर्षी १५० टन ऊस घातला. टनाला २० रुपयांप्रमाणे बिगरपरतीची ठेव कापली गेली. दरसाल ३,०००, चार सालांची १२,०००. ही रक्कम ठेवीच्या रकान्यात. शेअरची किंमत तूर्त तीच.

५. २०१९ साली सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठेवीतले १०,००० रुपये दोन शेअरमध्ये वर्ग झाले. शेअरच्या किंमतीत १०,००० मिळवले, एकूण २०,००० रुपये. ठेवीत उरले २,०००.

६. याच काळात टनाला १० रुपयांप्रमाणे परतीची ठेव ६,००० जमली आणि २०२१ साली परत मिळाली. शेअरच्या हिशेबात तिचे काही नाही.

७. मधल्या वर्षांत लाभांश मिळाला, सवलतीची साखर मिळाली. यांचेही शेअरच्या हिशेबात काही नाही. लाभांश त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात गेला.

८. २०२३ साली एक शेअर धाकट्या भावाच्या नावे ५,००० रुपये घेऊन केला. त्या शेअरची खरेदी किंमत ५,०००, आले ५,०००. नफा नाही, तोटा नाही. एकूणातून ५,००० वजा केले.

आज थोरल्या भाऊंकडे तीन शेअर आणि खरेदी किंमत १५,००० रुपये. ठेवीच्या खात्यावर २,००० रुपये, जे अजून शेअर झालेले नाहीत. या पानावर त्यांचा सगळा हिशेब आला.

दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊन घेतलेला शेअर

काही ठिकाणी शेअरचा तोंडी बाजार चालतो. साखर मिळते, मत मिळते, उसाची नोंद लवकर लागते, अशा समजुतीने ५,००० चा शेअर ८,००० ला घेतला जातो. या व्यवहारात दोघांनीही आपला हिशेब समजून घ्यावा.

विकणाऱ्याची खरेदी किंमत ५,०००, आले ८,०००, नफा ३,०००. शेअर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त बाळगला असेल तर तो दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दर आहे. ३७५ रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर १५, एकूण ३९० रुपये. अर्थात बाकीचे उत्पन्न आणि करमुक्त मर्यादा पाहून कर लागेल किंवा लागणारही नाही.

घेणाऱ्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. त्याची खरेदी किंमत ८,०००, तीही पावती असेल तर. पण सभासदत्व संपल्यावर कारखाना त्याला ८,००० देणार नाही. १९६१ च्या सहकारी संस्था नियमांप्रमाणे शेअरची किंमत शेवटच्या तपासलेल्या ताळेबंदावरून काढतात, आणि ती संस्थेला त्या शेअरपोटी प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. संस्थेला मिळाले ५,०००. वरचे ३,००० शेजाऱ्याच्या खिशात गेले. ते कारखान्याच्या दप्तरात कोठेच नाहीत.

म्हणून सभासदाने दोन आकडे वेगळे ओळखावेत. एक, मला हा शेअर कितीला पडला. दुसरा, कारखाना मला किती देणे लागतो. पहिला आकडा आयकरासाठी, दुसरा आपल्या घामाच्या पैशासाठी.

शिवाय कलम २९ प्रमाणे शेअर किमान एक वर्ष बाळगल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही, आणि घेणारा सभासद असला पाहिजे किंवा त्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालेला पाहिजे. स्टँपपेपरवर लिहून घेतले आणि कारखान्याच्या नोंदवहीत नाव लागले नाही, तर पैसे गेले आणि शेअर जुन्या धन्याचाच राहिला. मताचे म्हणाल तर शेअर एक असो की दहा, सहकारात मत एकच.

कारखाना तोट्यात गेला तर?

वऱ्हाडातल्या सभासदाला हा प्रश्न विचारावा लागतो यात नवल नाही. विदर्भात बंद पडलेले कारखाने आपण पाहिले आहेत. तेव्हा तोही हिशेब सरळ सांगतो.

ताळेबंदात संचित तोटा असेल, तर शेअरची काढलेली किंमत भरलेल्या रकमेपेक्षा कमी येऊ शकते. समजा ५,००० भरले आणि परत मिळाले ३,२००. तोटा १,८००. तो दीर्घ मुदतीचा असेल तर फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वळता करता येतो, उदाहरणार्थ गावठाणातला प्लॉट विकून झालेल्या नफ्यातून. पुढे आठ आकारणी वर्षांपर्यंत तो नेता येतो, पण त्यासाठी त्या वर्षीचा फॉर्म मुदतीत भरलेला पाहिजे. ऊसबिलातून किंवा पगारातून तो वजा होत नाही.

नुसता कारखाना बंद आहे, गाळप होत नाही, एवढ्याने आयकरात तोटा धरता येत नाही. शेअर हस्तांतर झाला, परत घेतला गेला किंवा त्यातला हक्क कायमचा संपला, तेव्हाच हिशेब पुरा होतो. आणि अवसायनात देणी भागवून काही शिल्लक राहिलीच, तर कलम ११० प्रमाणे ती सभासदांत वाटली जात नाही. म्हणजे कारखान्याची जमीन महाग झाली म्हणून आपला शेअर महाग झाला, ही आशा धरू नये. आपला फायदा उसाच्या भावात आणि वेळेवर गाळपात आहे, शेअरच्या चढउतारात नाही.

सभासदत्व सोडणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की सोडल्याच्या दिवशी संस्थेवर जी देणी होती, त्यांबाबत त्याची जबाबदारी दोन वर्षे उरते. तसेच संस्थेचे आपल्याकडे येणे असेल तर त्याचा बोजा शेअरवर असतो. बाकी काढून उरेल ते हाती येते.

वहीचे पान कसे आखावे

घरी एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर सहा रकाने आखा. तारीख, तपशील, शेअरपोटी जमा, शेअरपोटी परत, शेअरची एकूण खरेदी किंमत, आणि शेवटी बिगरपरतीची ठेव. परतीची ठेव आणि लाभांश मागच्या पानावर वेगळे लिहा. हंगाम संपून अंतिम बिल आले की त्याच दिवशी कपातीचे आकडे त्यावरून उतरवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवावे. त्याचाही बेरजेचा सराव होईल.

जुन्या पावत्या हरवल्या असतील तर घाबरू नका. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कारखान्याच्या कार्यालयात शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. ठरलेली फी भरून नकलाही मिळतात. शेअर विभागाकडे अर्ज करताना सभासद क्रमांक, दाखल्याचा क्रमांक आणि वडिलांच्या नावाचा शेअर असेल तर त्यांचे नाव अवश्य लिहावे. धारणीहून येणाऱ्या बंधूंना घाटातून यावे लागते, एक दिवस मोडतो. त्यांनी आधी अर्ज पाठवून नकला तयार असल्याची खात्री करून मगच निघावे.

ज्यांच्या घरी पगार, व्यापार किंवा जमीन-प्लॉटची विक्री आहे, त्यांनी ही वही घेऊन आपल्या कर सल्लागाराकडे जावे. ज्यांच्या घरी फक्त शेती आहे, त्यांना बहुधा कर लागणार नाही. पण वही त्यांनीही ठेवावी. कारखान्याच्या दप्तरातला आपला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा जुळतो की नाही, हे पाहण्याचा हक्क प्रत्येक धन्याला आहे, आणि कारखान्याचे धनी आपण सगळे आहोत. आकडा जुळला नाही तर वार्षिक सभेची वाट न पाहता शेअर विभागाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

कळावे.